मुंबई कोणी पाडली?

कॅप्टन गुरुदत्त विजयकर सकाळपासून बूट घालून घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. आदल्या दिवशी सांताक्रूझला उतरल्यावर, विमान जागेवर नेऊन लावताना त्यांच्या डाकोटाचा पंख तिथल्या एका शिडीला धडकला होता. आज चौकशी होती आणि कॅप्टनकी पणाला लागली होती.

“रामजीनं खालून झेंडे हलवले, ‘या, या’, म्हणून मी आलो,” ते बायकोला पुन्हा म्हणाले. “खुणा करणाऱ्याची जबाबदारी!”

“अहो, पण त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल,” ललिता म्हणाली.

“मग काय, माझी जाऊ दे?”

ललिता नुकतीच गाडी शिकली होती. “गाडी मी काढते,” ती म्हणाली. “तुम्ही आपलं उत्तर पाठ करा.”

खोताच्या वाडीतून गाडी मागे घ्यायची म्हणजे सुईत दोरा ओवण्यातला प्रकार. गुरुदत्त मागे उभे राहून ‘ये, ये’ अशी खूण करू लागले. पण तोंडानं उत्तराची उजळणी चालूच होती. त्या नादात ‘थांब’ म्हणायचं राहिलं आणि गाडी शेजारच्या शामरावांच्या भिंतीवर धाडकन आदळली.

शामराव समितीचे कट्टर कार्यकर्ते. त्यांनी त्या भिंतीवर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. नेमका ‘मुंबईसह’चा गिलावा खाली आला.

“मुंबई कोणी पाडली?” शामराव बनियनवरच धावत आले. “वाच रे गुरुदत्त, काय उरलंय ते! दिल्लीवाल्यांना हेच तर हवंय!”

“मी नाही हो! मी नुसता हात दाखवत होतो,” गुरुदत्त घाईघाईनं म्हणाले. “चाक हिच्या हातात. चालवणाऱ्यानं बघायला नको?”

ललितानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “आणि काल चाक कोणाच्या हातात होतं?”

शिडी जवळ आहे, हे काल गुरुदत्तांना जाणवलं होतं. ब्रेकही त्यांच्याच पायाखाली होता. पण चहाची तल्लफ आली होती, आणि तेवढ्यासाठी कोण थांबणार!

चौकशीच्या खोलीत शिरताच ते म्हणाले, “साहेब, दोष माझा. शंका आली होती, तरी थांबलो नाही.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, आत्ताच रामजी रडून गेला, शिडी हलवायला विसरलो म्हणून. इतकी वर्षं या टेबलासमोर एक दोषी आला नाही, आज एकदम दोन? कोणाला धरू मी?”

बराच विचार करून त्यांनी दोघांनाही ताकीद दिली. शिवाय वर वैमानिकाच्या जागी बसून काय दिसतं ते रामजीनं पाहावं, आणि आठवडाभर झेंडे कॅप्टननी हलवावेत, असा हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात गुरुदत्त झेंडे घेऊन उभे राहिले. एक डाकोटा वळून आलं. त्यांनी ऐटीत ‘या, या’ केलं. विमान लांबच थांबलं. इंजिनं बंद झाली. खिडकी सरकवून वैमानिकानं डोकं बाहेर काढलं आणि तो ओरडला,

“विजयकर, तू बाजूला हो! मी चालत येतो!”