वाल की उडीद

शिमग्यापासून भातकापणीपर्यंत आमच्या पाड्यात येसूआत्याकडून सुकी मासळी घ्यायची तर आधी मत द्यावं लागे. ती डोक्यावरची टोपली उतरवायची, पदराने घाम पुसायची आणि उजवा तळहात पुढे करायची. तळहातावर दोन दाणे. एक वालाचा, एक उडदाचा. डाव्या हातात दूध पावडरचा जुना डबा आणि त्याच्या झाकणाला पाडलेलं भोक. आपण एक दाणा उचलायचा आणि भोकातून आत टाकायचा. त्याशिवाय जवळा नाही, बोंबील नाही.

"आत्या, काल तर टाकला," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "आजचं सांग, कालचं नको."

तिला घाई नसे. चुलीवर कालवण उकळत असलं, पोर रडत असलं, तरी तळहात तसाच पुढे. एकदा लखमाची शेळी दोन्ही दाणे खाऊन गेली. आत्याने शेळीकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "हिचं अजून ठरत नाय." मग पिशवीतून दुसरे दोन दाणे काढले.

वाल म्हणजे एकत्र, उडीद म्हणजे वेगळं. हे कशाचं, ते आता सांगते.

आमचं गाव मोखाड्याच्या रस्त्यावरून आत उतरून आहे. गाव एक, पाडे दोन, मध्ये ओहोळ. पंचायत वरच्या पाड्यात, रेशनचं दुकान वरच्या पाड्यात, पिठाची गिरणीही तिकडेच. खालच्या पाड्यात आम्ही. आमच्या पाड्याचा पुढारी नाना. तो म्हणायचा, "वरती सगळं हाय, आपल्याकडं नुसता उतार हाय." त्याने ठरवलं की आपण वेगळं व्हायचं, आपली पंचायत आपण करायची. कायद्याने हे कसं होतं मला माहीत नाही. नाना म्हणाला, आधी पाड्याचं मत घेऊ, मग मोखाड्याला कागद देऊ. वेगळे झालो की दारोदार नळ येईल, असंही म्हणाला. विहिरीच्या पायऱ्या चढून ज्यांचे गुडघे गेले होते, त्या बाया नळाचं नाव निघालं की पुढचं काही ऐकत नसत.

हात वर करायला लोक तयार नव्हते. कुणी कशाला हात वर केला हे शेजारी बघतो आणि मग वर्षभर विस्तव मिळत नाही. म्हणून दाणे ठरले. समाजमंदिराच्या ओट्यावर एक मडकं, त्यावर फडकं. फडक्याखाली हात घालायचा आणि दाणा सोडायचा. मला ही रीत फार आवडली. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दाणा टाकायला तोंड लागत नाही.

मग मडकं सुपात ओतलं. सगळे वाकून बघत होते, म्हणून कोंबडी कुणाला दिसली नाही. ती पायांमधून आली, टकाटक चार-पाच दाणे उचलले आणि पसार झाली. उरलेले दाणे मोजले तर उडीद तीन दाण्यांनी पुढे. वेगळं व्हायचं ठरलं.

आता कोंबडीने काय खाल्लं? वालवाले म्हणाले वाल खाल्ले, उडीदवाले म्हणाले छे, उडीद. कोंबडी वरच्या पाड्यातली निघाली, तेव्हा नाना म्हणाला की ती मुद्दाम पाठवली होती. कुणी म्हणालं कापून बघा. कोंबडीची मालकीण कोयता घेऊन ओहोळापर्यंत आली आणि म्हणाली, "आधी कोण कापतो त्याला पुढं करा." कुणी पुढं झालं नाही. कोंबडी अजून जिवंत आहे. आमच्या पाड्यात एवढं वजन दुसऱ्या कुणाला नाही.

आठवड्याच्या आत येसूआत्याचा डबा फिरायला लागला.

आधी लोक हसले. मग सवय झाली. मग अशी वेळ आली की संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता बाया हात थांबवायच्या, कारण आत्या आपल्या ओट्यावर उभी राहून आकडा सांगायची. "आज वाल पुढं, दोनानं." किंवा, "आज उडीद चढला." आवाज एवढा मोठा की झाडावरचे कावळे उठायचे. मला एकच कळत नसे. ओट्यावर उभं राहून सांगायची ती आम्हाला, पण तोंड आमच्याकडे नसे. ओहोळाकडे असे.

आकडा रोज हलायचा. लखमाची बायको वरच्या पाड्यातली. ज्या दिवशी तिने गरम भाकरी वाढली त्या दिवशी लखमाचा वाल. ज्या दिवशी ती न बोलता ताट सरकवून गेली त्या दिवशी उडीद. आत्या त्याचं तोंड बघूनच सांगायची, "लखमा, आज शिळी मिळाली काय रं?" लखमा म्हणायचा, "मत गुपित असतं, आत्या." ती म्हणायची, "मत गुपित हाय, भाकरी नाय."

रेशनवाल्याने आमच्या पाड्याला ताटकळत ठेवलं की उडीद चढायचा. वरच्या पाड्यातल्या गिरणीवाल्याने हसून दळण दिलं की वाल. जीपमध्येही हेच. आत्या मासळी आणायला जव्हारच्या बाजारात जायची, तेव्हा येताना जीपभर डबा फिरायचा. एकदा मोखाड्याच्या कुणा परक्या माणसाने कशाचं मत आहे हे न विचारताच दाणा टाकला. आत्याने तो मोजला नाही, पण पुढे कितीतरी दिवस त्याची आठवण काढायची. "मानूस चांगला होता. काय हाय ते माहीत नसून मत दिलं. आपल्याकडं माहीत असून देत नाय."

पण खरा घोळ झाला नानाच्या मुलीच्या लग्नात.

लग्नाची मोठी भांडी गावाची, पण ठेवायला वरच्या पाड्यात. तारपा वाजवणारा तिकडचा. मांडवाच्या मेढी आणि वासे आमच्याकडे. वेगळं व्हायचं म्हटल्यावर नाना भांडी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? त्याने घरोघरची पातेली गोळा केली. जेवढी घरं तेवढी पातेली, आणि प्रत्येक पातेल्यातला भात वेगळा. कुठे कच्चा, कुठे गिचका, एकात तर पाणी घालायचंच राहिलं. व्याही मंडळींनी शेजारी शेजारी बसून वेगवेगळा भात खाल्ला. तारप्याऐवजी मोबाइल आणि डबा-स्पीकर आणला होता. नाच ऐन रंगात आला आणि चार्जिंग संपलं. सगळे एकमेकांच्या कमरेला हात घालून तसेच उभे. तेवढ्यात ओहोळापलीकडून खऱ्या तारप्याचा आवाज आला. तिकडे काही लग्न नव्हतं. तो उगाच वाजवत बसला होता. काय करणार, आमची माणसं त्याच्यावर नाचली.

दुसऱ्या दिवशी डब्यात वालच वाल. नानाच्या घरातूनसुद्धा एक निघाला, असं आत्या म्हणाली. कुणाचा ते सांगितलं नाही.

त्यानंतर पाड्यात एक गंमत सुरू झाली. ज्याला विचारावं तो म्हणे, "मी तवा वालच टाकला होता." लखमा म्हणे, त्याची बायको म्हणे, विहिरीवर सगळ्या बाया म्हणत. नळाच्या नावाने डोळे चमकणाऱ्या बायासुद्धा. मग एवढे उडीद मडक्यात टाकले कुणी? कुणी म्हणे, कोंबडीनेच आणून टाकले असतील.

नाना वैतागला. त्याने होणाऱ्या सरपंचपणासाठी पांढरा शर्ट शिवून ठेवला होता. तो आत्याच्या ओट्यासमोर येऊन म्हणाला, "आत्या, मतदान एकदाच असतं. रोज नसतं."

"लगीन पण एकदाच असतं," आत्या म्हणाली. "तरी नवरा आज कसा हाय ते रोज बघावं लागतं ना?"

"तू कुणाच्या बाजूची हायस ते सांग आधी."

"मी मासळीच्या बाजूची." असं म्हणून तिने तळहात पुढे केला. नानाने इकडेतिकडे बघितलं, एक दाणा टाकला आणि जवळ्याचा वाटा घेऊन गेला.

पण त्याचा प्रश्न सगळ्यांनाच होता. आत्याचा स्वतःचा दाणा कुठला? डब्यात तिने कधी टाकलेला कुणी बघितला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मी विकते, घेत नाय."

पावसात तिचा गुडघा सुजला. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. मी शेजारची सून, म्हणून पाऊस सरल्यावर तिची टोपली मी उचलायला लागले. मला वाटलं होतं आमचा पाडा झाला की परत फिरायचं. पण शेवटच्या घरानंतर ती काठी टेकत ओहोळात उतरली. मी म्हटलं, "आत्या, तिकडच्यांना मत नाय ना." ती काठीने दगड चाचपत पुढे गेली.

पलीकडे गेल्यावर ती एकाच दारात थांबली. तिच्या धाकट्या बहिणीच्या, भागीच्या. दोघी एकाच घरातून गावात दिलेल्या, एक खाली, एक वर. पूर्वी भागीमावशी रोज संध्याकाळी खाली यायची आणि दोघी ओट्यावर बसून बोंबील भाजायच्या. शिमग्यानंतर ती आली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

"भागे," आत्याने हाक मारली. तळहात पुढे केला. दार उघडंच होतं, पण आतून कुणी आलं नाही. नुसता आवाज आला.

"आमाला कशाला इचारतंस? तवा कुणी इचारलं होतं?"

"म्हनून तर आता इचारतंय."

"आमाला सोडून जायचं तुमी ठरवलं. आमचा दाना कशाला?"

आत्याने थोडा वेळ हात तसाच धरला. मग दाणे पिशवीत टाकले आणि म्हणाली, "बरं. उद्या येते." वाटेत मला म्हणाली, "रोज येवडंच बोलते. पण बोलते." आणि एवढी खूश की ओहोळातून जाताना काठी खांद्यावर घेतली.

त्या दिवशी मला तो ओट्यावरचा आवाज कळला. पावसात ओहोळ भरून वाहत होता, पलीकडे जाता येत नव्हतं, तेव्हा ती सगळ्यात मोठ्याने ओरडायची.

मग रोज आम्ही दोघी जायचो. रोज तेच बोलणं. एक दिवस मात्र आतून आवाज आला, "काल वाल कमी कसे झाले गो?" आत्याने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "लखमाला शिळी मिळाली," ती दाराला म्हणाली. आतून काहीतरी आवाज आला. खोकला असेल, हसणं असेल.

भात कापून झालं आणि मोखाड्याहून साहेब येणार असं कळलं. त्यांच्यापुढे पाड्याने हात वर करून शेवटचं सांगायचं होतं. एकदा कागद पुढे गेला की परत फिरायचा नाही, असं नाना म्हणाला. त्या सकाळी आत्या घरोघर गेलीच नाही. डबा घेतला नाही. टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि सरळ ओहोळ उतरली. माझ्या पुढे ती एवढ्या झपाझप कधी चालली नव्हती.

"भागे, आज शेवटचं इचारते."

आत ताट वाजलं. मग भागीमावशी बाहेर आली. हातात रिकामं ताट होतं. आत्याच्या तळहातावरच्या दाण्यांकडे तिने बघितलंही नाही.

"शिमग्यापासून डाळ खाऊन तोंड मेलं माजं," ती म्हणाली. "बोंबील घाल."

आत्याने टोपलीत हात घातला तो कितीतरी वेळ बाहेर काढलाच नाही. मग घालत सुटली. ताट भरलं, बोंबील खाली पडायला लागले, तरी घालतेच आहे. शेवटी भागीमावशीने तिचा हात धरला आणि पडवीत बसवलं.

चुलीवर बोंबील भाजायला लागले तोच ओहोळाच्या त्या काठावरून हाक आली. नाना होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आपलंच मत फुटलं असं लोकांना दिसेल म्हणून तो ओहोळ ओलांडत नव्हता.

"आत्या, साहेब येऊन बसलेत. लोक हात वर करत नाय. म्हणतात, आजचा आकडा काय ते कळू दे आधी."

"आज मोजलं नाय," आत्या बसल्या जागेवरून ओरडली. "ज्याचं त्याला इचार."

पुढे सभेत काय झालं ते इथेच सांगून टाकते. आकडा नाही म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग लखमाने हात वर केला, एकत्रसाठी, त्याचं बघून विहिरीवरच्या बायांनी, आणि मग बऱ्याच जणांनी. कागद नानाच्या खिशात राहिला. तो शर्ट तो आता बाजाराला घालून जातो. नळ आला नाही. पण तो वरच्या पाड्यातही नाही, हे आम्हाला एवढ्या भांडणानंतर कळलं.

पडवीत मात्र हे काही माहीत नव्हतं. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या होत्या. भागीमावशीने भाकरी वाढली, वर भाजलेला बोंबील ठेवला. आत्याने घास मोडला आणि तसाच हातात धरला. तिचा गुडघा पुढे पसरलेला होता, अजून सुजलेला. ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

"भागे," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक की ही तीच ओट्यावरची बाई का, असं मला वाटलं. "ते नळाचं म्हनाले ना. त्या दिवशी मडक्यात मी..."

भागीमावशीने चिमट्याने दुसरा बोंबील उलटला. वर बघितलं नाही.

"आजचं सांग," ती म्हणाली. "कालचं नको."

आणि तो बोंबील तिने आत्याच्या भाकरीवर ठेवला.