वाघोल्यांच्या घरची चूक

माझ्या आठवणीवर माझा पूर्वीइतका विश्वास उरलेला नाही, सालात एखाद्या वर्षाचा फरक पडत असेल. पण आंबेदऱ्यात प्रत्येक घराची लिहिण्यातली एक चूक नगरपरिषदेत नोंदवलेली असते आणि तीच त्या घराची ओळख धरली जाते, याबद्दल मला शंका नाही. सही कुणीही गिरवील, असे तिथले लोक म्हणतात. चूक गिरवता येत नाही.

तांबटांच्या घरात स्वल्पविराम नेहमी दोन पडत. साळव्यांकडे जोडाक्षरे उलटी बसत, आणि त्यांच्या लग्नपत्रिका तशाच छापल्या जात, नाहीतर पाहुणे येत नसत. वाघोल्यांच्या घरात वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येत नसे. चार पिढ्यांत आला नव्हता. ज्ञानोबा वाघोल्यांच्या पिठाच्या गिरणीवर खडूने लिहिलेले असे, 'आज पट्टा तुटला आहे उद्या या डबे ठेवून जाऊ नका उंदीर आहेत', आणि ते वाचताना आपलाच श्वास कमी पडतो आहे असे मला वाटे.

मी निवृत्त झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हवेसाठी, तिथे राहायला गेलो. भाषाशास्त्रात डॉक्टरेट, एकतीस वर्षे अध्यापन. नोंदणीच्या दिवशी नगरपरिषदेच्या चूक-निरीक्षक टेंबेबाई यांनी माझ्याकडून वीस ओळी लिहून घेतल्या, दोनदा वाचल्या आणि विचारले, "काही लपवताय का?"

मी नाही म्हणालो. ते खरे होते की नाही, हे मला नीट सांगता आले नसते. टेंबेबाईंनी एक वेगळी वही काढली, तिच्यावर 'बिनचूक' असे लिहिले आणि पहिल्या पानावर माझे नाव घातले. दुसऱ्या पानाची वेळ आली नाही.

एकही चूक न करणारा माणूस कुठून तरी पळून आलेला असणार, असे गावाचे मत झाले. दूधवाला माझी चिठ्ठी दुमडून खिशात ठेवी आणि दूध मात्र स्वतःच्या अंदाजाने घाली. मी ओट्यावर बसलो असलो की शाळेतून येणारी मुले दप्तर पुढे घेऊन जात. त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. मीही अधूनमधून रात्रीची जेवणे झाल्यावर आपण कुठून पळून आलो असू, याचा विचार करत असे.

पोस्टाची पद्धत सांगायला हवी. सरकारी टपाल पत्त्यावर जाई, पण घरच्या माणसाचे पत्र चुकीवर जाई. म्हणून आंबेदऱ्यात घरी लिहायचे ते पोस्टकार्डावरच. चूक उघडी दिसली पाहिजे. मुलाणी पोस्टमास्तर कार्ड हातात घेऊन एकदा खालीवर पाहत आणि त्या त्या घराच्या कप्प्यात टाकत. ज्या कार्डात चूकच नसे ते काचेच्या कपाटात जाई. त्या कपाटाची किल्ली मुलाणींनी माझ्या हातात ठेवली, कारण कागदोपत्री बिनचूक घर माझे एकट्याचे होते. कपाटात तीनेकशे कार्डे होती. गाव सोडून गेलेल्या, बाहेर नीट लिहायला शिकलेल्या मुलांनी आपापल्या आईवडिलांना लिहिलेली. ती मी वाचली नव्हती. कागदोपत्री माझी असली तरी माझी नव्हती.

अशा परिस्थितीत ज्ञानोबा वाघोले आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मला पहिल्यापासून संशय आला. हेमांगी पंधरा वर्षांची होती. आई नव्हती, ती लहान असतानाच गेली होती. तिला शहरातल्या एका संस्थेत नकाशे काढायला शिकायचे होते. तिथल्या प्रवेशपरीक्षेत दोन निबंध असत आणि प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापत.

"सर, हिच्या बाकीच्या चुका काढा," ज्ञानोबा म्हणाले. "घरची तेवढी राहू द्या."

त्या चुकीचेही गुण जातील, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले.

"जाऊ द्यात. अर्ध्या मार्कापायी पोरगी परकी व्हायची. तिकडून पत्र टाकलं तर मला मिळायला नको का?"

हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. मुलीकडेही नाही. तिच्या वहीकडे पाहत होते. मी ते मनात टिपून ठेवले. ते फाटकाबाहेर पडल्यावर हेमांगीने वही उघडली आणि शांतपणे म्हणाली, "सर, सगळ्या काढा."

आठ महिने ती आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी येत असे. ह्रस्वदीर्घाची गडबड मी पहिल्या दोन महिन्यांत मोडली. जोडून लिहायचे शब्द ती तोडत असे, तेही सुटले. पूर्णविरामासाठी मी तिला लिहिलेले मोठ्याने वाचायला लावी. जिथे सांगणे संपते तिथे थांब आणि टिंब दे, एवढाच नियम. घरी सात वाक्ये लिहून आणायची, मी हिरव्या पेन्सिलीने पूर्णविराम घालायचे, आणि तिने तो उतारा पुन्हा उतरवायचा. मुलगी हुशार होती. जरा जास्तच हुशार होती, आणि मला ते आवडत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वाघोल्यांच्या माणसाचे वाक्य संपते तिथे काहीच नसते. पेन पुढे निघून गेलेले असते. हेमांगीच्या वाक्यांच्या शेवटच्या अक्षरावर मात्र शाई किंचित जाड होती. पेन तिथे थांबले होते आणि मग काही न करता पुढे गेले होते. याचा अर्थ काय, हे मला ठरवता येईना. टेंबेबाईंनी मला पकडण्यासाठी तिला पाठवले असेल, असेही मनात आले. मी विचारले नाही. त्याऐवजी मी स्वतःची जुनी टिपणे काढून त्यांतली शाई पाहत बसलो.

विचारले तिने. एकदा वही मिटता मिटता म्हणाली, "सर, काढलेल्या चुका तुम्ही कुठे ठेवता?"

"ठेवत नाही. काढतो."

"काढून कुठे ठेवता?"

मी म्हणालो की चूक ही वस्तू नव्हे. ती म्हणाली की नगरपरिषदेत तिची नोंद असते, तिच्यावरून पत्रे पोचतात, तिच्यासाठी सोयरिकी मोडतात. मग वस्तू आणखी वेगळी काय असते? एकतीस वर्षांत मला कुणा विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिला सातऐवजी दहा वाक्ये लिहून आणायला सांगितली.

मे महिन्यात तिने प्रवेशपरीक्षा दिली. एकाही चुकीचा गुण गेला नाही. ज्ञानोबांनी गिरणीत पेढे वाटले आणि मला पाठवले नाहीत.

जूनमध्ये हेमांगीला सोळा वर्षे पूर्ण झाली. सोळा पूर्ण झाली की आंबेदऱ्यात प्रत्येकाला नगरपरिषदेत जाऊन, निरीक्षकासमोर वीस ओळी लिहून, घरची चूक आपल्या नावावर करून घ्यावी लागते. त्याशिवाय रहिवासी दाखला नाही आणि पोस्टात कप्पा नाही. नोंदणीला बाप लागतो आणि शिकवणारा लागतो. म्हणून मीही गेलो.

टेंबेबाईंची तपासण्याची रीत सोपी होती. त्या लिहिणाऱ्याकडे पाहत नसत. डोळे मिटून पेनाचा आवाज ऐकत. खरी चूक करताना माणूस थांबत नाही. थांबला की ती चूक केलेली असते, झालेली नसते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या एकदाही फसल्या नव्हत्या, असे शिपाई आम्हाला बसायला खुर्च्या देता देता सांगून गेला.

हेमांगीला विषय दिला, 'आमच्या गल्लीतला नळ'. ती लिहू लागली. ज्ञानोबा हातातली टोपी फिरवत होते. मी पेनाचा आवाज ऐकत होतो, आणि टेंबेबाई काय ऐकत असतील ते मला कळत होते. पेन चाले, वाक्य संपे, पेन क्षणभर थांबे, मग पुढे जाई. वीस ओळींत एकही पूर्णविराम नव्हता. आणि पेन सतरा वेळा थांबले होते.

टेंबेबाईंनी डोळे उघडले. "ही चूक बनावट आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मूळची कुठे गेली?"

ज्ञानोबांनी माझ्याकडे पाहिले. मग शिपायाने. मग हेमांगीने, सर्वांत शेवटी. तिच्या नजरेत आरोप नव्हता, पण उत्सुकता होती, आणि तीच मला अधिक लागली.

नियमाप्रमाणे माझा लेखी जबाब घेण्यात आला. मी सुचेल तसा एक पानभर मजकूर लिहिला. मी काय शिकवले, कोणत्या क्रमाने, ज्ञानोबांची विनंती मी का मोडली, माझा हेतू वाईट नव्हता पण हेतूबद्दल माणसाने स्वतः साक्ष द्यावी की नाही याची मला खात्री नाही, असे सगळे. लिहिताना टेंबेबाईंनी डोळे मिटले आहेत, हे मला दिसले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद उचलला, वाचला आणि ज्ञानोबांपुढे सरकवला.

ज्ञानोबांनी तो बराच वेळ पाहिला. "हे तर आमचंच आहे," ते म्हणाले.

मी कागद मागून घेतला. मी प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम दिला होता, असे मी कुठेही शपथेवर सांगितले असते. पानावर एकही नव्हता.

"थांबला नाहीत कुठे," टेंबेबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात मला थोडा आदर वाटला. त्यांनी नियमांचे पुस्तक काढून संबंधित कलम वाचून दाखवले. चूक नष्ट करता येत नाही. ती घराबाहेर गेली, तर जो ती नेतो तो घरात येतो. त्याप्रमाणे माझे नाव बिनचूक वहीतून कमी करून वाघोल्यांच्या पानावर, ज्ञानोबांच्या खाली घेण्यात आले. रिकाम्या झालेल्या वहीत हेमांगीचे नाव गेले. दाखला तिला तिथेच मिळाला. बिनचूक हाही रहिवाशांचाच एक प्रकार आहे.

"आणि माझी पत्रं?" हेमांगीने विचारले.

"कपाटात," टेंबेबाई म्हणाल्या.

ज्ञानोबांनी टोपी डोक्यावर घातली. मुलगी नकाशे काढायला जाणार होती, हे ठरले होते. तिचे अक्षर आता त्यांना दिसणार नव्हते, हेही ठरले होते. बाहेर पायरीवर आल्यावर ते मला म्हणाले, "आता तुम्ही आमच्यातले. दळणाला नंबर लावायचा नाही. सरळ आत यायचं."

पुढचा मार्ग हेमांगीने काढला. जाण्याच्या आदल्या दिवशी ती पोस्टात गेली, बिनचूक घराची प्रमुख म्हणून मी परत केलेली कपाटाची किल्ली आपल्या ताब्यात घेतली आणि एक मुखत्यारपत्र लिहून ती मला दिली. मुखत्यारपत्रात एकही दोष नव्हता. मुलाणींनी ते उजेडाकडे धरून पाहिले आणि फाइलला लावले.

त्यानंतर तिचे कार्ड दर बुधवारी येई आणि काचेच्या कपाटात पडे. मी कपाट उघडून ते घरी आणी, कोऱ्या कार्डावर माझ्या हाताने जसेच्या तसे उतरवी आणि पोस्टाच्या पेटीत टाकी. मी मुद्दाम काही करत नसे. पूर्णविराम आपोआप गळत. दुसऱ्या दिवशी ते कार्ड गिरणीत पोचे. तिथे ज्ञानोबा पट्टा बंद करून ते उभ्याने वाचत, एका दमात, कारण दम घ्यायला त्यात जागा नसे. 'मेसमध्ये आमटी पातळ असते बाबा मी पहिली नदी काढली ती वाकडी आली सरांना सांगा'. एकाच गल्लीतला माणूस पलीकडच्या घराला दर आठवड्याला पोस्टाने पत्र का पाठवतो, असे मुलाणींनी कधी विचारले नाही. मात्र शिक्का मारताना ते माझ्याकडे बघत.

पुढे मी कपाटातली बाकीची कार्डेही त्या त्या घरांसाठी उतरवून द्यायचा प्रयत्न केला. जमले नाही. माझ्या हातून तांबटांची चूक होईना. ती सगळी कार्डे पूर्णविरामावाचून वाघोल्यांच्याच कप्प्यात जाऊन पडली, आणि ज्ञानोबांनी तीही वाचली. इतकी मुले आपल्याला बाबा म्हणतात, याचे त्यांना वाईट वाटले असे दिसले नाही. ज्याची त्याची कार्डे ते दळणाच्या डब्यात घालून त्या त्या घरी पाठवू लागले.

हा मजकूर मी लिहिला आहे, पण त्यातले पूर्णविराम हेमांगीचे आहेत. ती दिवाळीला येते तेव्हा वर्षभराचे कागद तिच्यापुढे ठेवतो. ती हिरवी पेन्सिल वापरते.

शाईची गोष्ट मात्र माझ्या मनातून गेली नव्हती. पहिल्या दिवसापासून पेन का थांबत होते? माझ्याकडे येण्याआधीच तिच्याजवळ ती चूक नव्हती काय? मग मी घेतली ती कुणाची? हे मी ज्ञानोबांना दोनतीनदा विचारायचे ठरवले आणि प्रत्येक वेळी दळण घेऊन परत आलो.

नऊ वर्षांनी ज्ञानोबांनी गिरणी बंद केली. सामान आवरताना त्यांनी एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आणून ठेवली. घरच्या वस्तू घरातच असाव्यात, एवढेच म्हणाले. पेटीत हेमांगीच्या शाळेतल्या वह्या होत्या. तिसरीची वही पेन्सिलीने लिहिलेली होती. मी ती खिडकीशी नेली आणि भिंग लावले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिलेला होता. प्रत्येक पूर्णविराम खोडरबराने पुसलेला होता, इतक्या बेताने की शेजारचे अक्षर कुठेही पुसट झाले नव्हते. कागदावर दाबलेल्या टिंबांचे खड्डे राहिले होते आणि त्यांत पांढरे काहीतरी बसले होते. मी ते बोटाच्या टोकावर घेऊन पाहिले. पीठ होते, ज्वारीचे.