इस्त्रीवरची मिरची

"पोरीची सर्व्हिस गेली," एवढंच बापूराव फोनवर बोलले, आणि तिकडे वरोऱ्यात त्यांच्या पत्नी धुरपताबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

बापूराव त्या सकाळी ताश्कंदच्या एका हॉटेलच्या खोलीत उभे होते. खरं तर इथं यायचे होते टेनिसचे लोकेश सर. पण निघायच्या तोंडावर ते स्कूटरवरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. बापूरावांचं वरोऱ्यात कृषी केंद्र. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं यापलीकडच्या जगाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. पासपोर्ट मात्र होता. एका खत कंपनीनं बँकॉकला नेतो म्हणून काढायला लावला होता, नेलं काही नाही. म्हणून मग स्वतःची दिव्यानी आणि टायरवाल्या नूर मोहम्मदची मदीहा, अशा दोन पोरी घेऊन बापूराव कुमार गटाच्या स्पर्धेला आले.

दिव्यानीचा पहिला सामना अकराला होता. जिंकली तर आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय गुण मिळणार होता. त्या एका गुणासाठी पोरगी थंडी-उन्हाळा न बघता पहाटे उठत आली होती, आणि कालच्या सरावात नेमका तिचा चेंडू जाळ्यापलीकडे जाईना.

"नजर लागली तिले," धुरपताबाईंनी निदान केलं. "निघाच्या दिवशी स्टँडवर त्या मास्तरीनबाई काय म्हनत होत्या? 'काय हात चालते वो पोरीचा.' तवाच माह्या मनात चर्र झालं."

"मंग आता?"

"बॅगच्या तळाशी भिवापुरी मिरच्या अन् मीठ-मोहरी बांधून देल्ली हाये. पोरीवरून उतरवा अन् विस्तवात टाका."

"इथी विस्तव कुठून आनू? हाटेल हाय थे."

"एवढंबी सुचत नसन तर काऊन गेले तिकडं?" असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दिव्यानी पलंगावर बसून मोजे चढवत होती. "बाबा, मले जरा शांत बसू द्या ना," ती म्हणाली.

"बस ना. बसल्या बसल्याच होते." बापूरावांनी पुडीतल्या मिरच्या-मोहरीची मूठ तिच्यावरून ओवाळली, 'आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची' असं तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि विस्तव शोधायला लागले. कपाट उघडलं तर आत हॉटेलची इस्त्री. बापूराव स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले.

त्यांनी बाथरूममध्ये दोन बुटांच्या मधे इस्त्री उलटी बसवली, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि मूठ तिच्यावर रिकामी केली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग भिवापुरी मिरचीनं आपला गुण दाखवला. शेतकऱ्यांना 'तोंडाला फडकं बांधा गा' असं जन्मभर बजावणारे बापूराव खोकत खोकत बाहेर आले आणि धूर निघून जावा म्हणून त्यांनी खोलीचं दार सताड उघडलं. धूर निघून गेला, पण व्हरांड्यात. लगेच सगळ्या हॉटेलात भोंगे ठणाणा वाजू लागले.

हां हां म्हणता अख्खं हॉटेल रस्त्यावर आलं. देशोदेशीच्या पोरी, त्यांच्या आया, कोणी अर्ध्या चड्डीत, कोणी तोंडात ब्रश धरून, आणि सगळे ठसकत होते. दिव्यानीशी खेळणारी कझाकस्तानची उंच पोरगी लालबुंद डोळे चोळत उभी होती. आगीचा बंब आला. मुखवटे लावलेले जवान धावत वर गेले आणि इस्त्री घेऊन खाली आले. इस्त्री कोणत्या खोलीतली, हे सगळ्यांना कळलं.

स्पर्धेच्या मुख्य पंच, एक चष्मेवाल्या बाई, मदीहाशी बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. मदीहाचा चेहरा उतरला.

"काका, लोक म्हनून राह्यले का समोरच्या पोरीले खोकला लागावा म्हनून आपन मुद्दाम काही फवारलं. खरं सांगा म्हनतात, नाईतर दिव्यानीले खेळूच देनार नाई."

आपल्या पायी पोरीची मेहनत मातीत जाणार, या विचारानं बापूरावांना रडूच यायचं बाकी राहिलं. "पोरीचा काहीच दोष नाई म्हना. मी नजर काढून राह्यलो होतो."

"हे इंग्रजीत कसं सांगू, काका?"

"कसंबी सांग, बेटा."

मदीहानं शेवटी दिव्यानीला समोर उभं केलं आणि रिकामी मूठ तिच्यावरून ओवाळून दाखवली. पंचबाईंना ढिम्म कळलं नाही. पण मागं उभी असलेली, हॉटेलच्या खोल्या झाडणारी एक म्हातारी पुढं झाली, तिनं पंचबाईंना भराभरा काहीतरी सांगितलं आणि ती आत गेली. परत आली ती तव्यावर निखारे आणि वाळका पाला घेऊन. तिकडे नजरेवर त्या पाल्याचीच धुरी देतात म्हणे. तिनं दिव्यानीला धुरी दिली, पंचबाईंनाही दिली, आणि तव्याकडे बोट दाखवून बापूरावांना चार शब्द सुनावले. इस्त्रीवर कोणी करतं का, असंच ती म्हणाली असावी. पंचबाईंना हसू आवरेना. सामना थोडा उशिरा होईल, पण होईल, असं त्यांनी जाहीर केलं.

बापूराव सुटकेचा निःश्वास सोडतात न सोडतात तोच त्या कझाक पोरीची आई समोर आली. बापूरावांनी हात जोडले. बाई रागावली नाही. तिनं पोरीला पुढं ढकललं आणि बापूरावांच्या हातात तशीच राहिलेल्या मिरच्यांच्या पुडीकडे बोट दाखवलं.

"त्यायच्या पोरीचीबी काढा म्हनतात," मदीहा म्हणाली. "तिचीबी सर्व्हिस गेली म्हनते कालपासून."

"बाबा, माही मॅच तिच्याच संगं हाय," दिव्यानी हळूच म्हणाली.

"मालूम हाय. पन लेकरूच हाय ना थे." नजर काढायला कोणी सांगितलं तर नाही म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. बापूरावांनी मनापासून ओवाळलं आणि मूठ तव्यावर टाकली. मिरच्या जळाल्या, काळ्या पडल्या, पण कोणालाच ठसका लागला नाही.

"जबर लागली होती बिचारीले," बापूराव मान हलवत म्हणाले.

सामना मात्र बघण्यासारखा झाला. दिव्यानीचा हात एकदम मोकळा चालायला लागला, पण पलीकडच्या पोरीची सर्व्हिस फवारणीच्या पंपातून सुटावी तशी येत होती. तिसऱ्या सेटमध्ये दिव्यानी थोडक्यात हरली. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते आणि हसतही होती. "बाबा, माही सर्व्हिस आली ना वापस," ती म्हणाली. बापूरावांनी तिला जवळ घेतलं. त्यांना आता काहीच नको होतं.

संध्याकाळी फोनवर धुरपताबाईंना मात्र हिशेब हवा होता. "हरली कशी? नजर काढली होती ना? ठसका आला?"

"मले आला. हाटेलातल्या समद्यायले आला. आग विझवाले आले त्यायलेबी आला."

"ठसका आला म्हंजे पोरीले नजर नोहोतीच. अन् त्या दुसऱ्या पोरीचीबी काढली का कोनी?"

"काढली. तिच्या मिरचीले ठसका नाई आला."

"म्हंजे तिची उतरली. कोनं काढली?"

"मीच," ते म्हणाले.

तेवढ्यात मदीहा दारात आली. "काका, खाली चला. धा-बारा आया पोरी घेऊन बसल्या हायेत तुमच्यासाठी. उद्या डबल्सला आमच्या समोर ज्या हायेत, थ्याबी आल्या."

फोन चालूच होता.

"पोरीयले टायमावर इमानात बसवून द्या," धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी तिथीच राहा."