त्रुटींची पूर्तता करून पुन्हा फोन करावा

टीव्हीच्या खात्याबाबतचा पहिला संशयास्पद फोन सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्राप्त झाला, आणि आवककाकांनी त्याला आवक क्रमांक एक दिला.

आवककाका हे त्यांचे खरे नाव अर्थातच नव्हे. एका मोठ्या कचेरीत अडतीस वर्षे ते आवक-जावक विभागाच्या टेबलावर बसले. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, काही उणे असेल तर त्रुटींची यादी जोडून तो परत पाठवायचा, हे त्यांचे काम. कागदात काय लिहिले आहे हे त्यांनी अडतीस वर्षांत कधी वाचले नाही. वाचणारे लोक वरच्या मजल्यावर बसत. निवृत्त झाल्यावर दूध आणि वर्तमानपत्र एवढीच काय ती आवक उरली, आणि दुधाच्या पिशवीवर शिक्का मारायला काकूंनी साफ मनाई केली. चार वर्षे माणूस नुसता झुरत होता.

अशात टीव्हीच्या कंपनीचे पत्रक आले. ‘सावध राहा! तुमच्या खात्याबद्दलचा फोन खरा की खोटा?’ खोटा फोन करणारा घाई करतो, सवलत आजच संपते म्हणतो, खाते बंद पडेल अशी भीती घालतो, त्याचा नंबर अनोळखी असतो, तो खासगी माहिती विचारतो, आणि कधीकधी तर ओळखीच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतो, अशी सहा लक्षणे त्यात दिली होती. काकांना पत्रक आवडले, पण फार मोघम वाटले. संशय आल्यावर पुढे काय, याबद्दल ‘फोन ठेवून द्या’ एवढेच म्हटले होते. कारण न देता फोन ठेवून देणे म्हणजे शेरा न मारता कागद टोपलीत टाकण्यासारखे. असला अनाचार काकांच्या हातून होणे शक्य नव्हते. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली, फूटपट्टीने अकरा रकाने आखले आणि वर लिहिले: दूरध्वनी छाननी तक्ता.

तर, आवक क्रमांक एक.

“सर, नमस्कार! तुमचं टीव्हीचं खातं आज संध्याकाळी बंद होतंय, पण काही काळजी करू नका, आत्ताच्या आत्ता निम्म्या दरात—”

“थांबा. नाव?”

“कोणाचं?”

“अर्जदाराचं.”

“सर, नाव जाऊ द्या हो, ऑफर आजच संपतेय—”

“तुमचा फोन नामंजूर करण्यात येत आहे,” काका म्हणाले. “कारणं लिहून घ्या. एक, आल्या आल्या घाई केलीत. दोन, भीती घातलीत. तीन, सवलत आजच संपते म्हणालात. चार, नाव सांगितलं नाहीत. पाच, मागच्या पत्रव्यवहाराचा संदर्भ दिला नाहीत. सहा, नंबर अनोळखी आहे.”

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला.

“मग... आता काय करायचं म्हणता?”

“त्रुटींची पूर्तता करून पुन्हा फोन करावा.”

फोन करणारा हा विक्रेता धंद्यात नवा होता. दिवसाकाठी चाळीस लोक त्याला शिव्या घालून फोन आपटत, पण आपले नेमके चुकते कुठे हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. “थँक यू सर,” तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नंबर वहीतलाच होता, त्याने नाव सांगितले आणि आवक क्रमांक एकचा संदर्भ दिला. त्रुटी तीनवर आल्या. बुधवारी त्याने भीती घातली नाही. त्रुटी दोन.

“होतकरू आहे,” काका जेवताना काकूंना म्हणाले.

“अहो, पण तो चोर आहे ना?”

“ते एवढ्यात कसं सांगणार? कागद अजून पुरा झालेला नाही.”

शुक्रवारी खुद्द कंपनीतून फोन आला. एक मुलगी एका दमात म्हणाली, “सर, खातं आज बंद होईल, ग्राहक क्रमांक आणि जन्मतारीख पटकन सांगा.” काकांनी दुसरे कारण सांगायच्या आतच तिने फोन ठेवला. शहानिशा करावी म्हणून काकांनी पत्रकावरचा नंबर फिरवला. पाऊण तास एक बाई त्यांना सांगत राहिली की त्यांचा वेळ अतिशय मोलाचा आहे. मग दुसऱ्या बाईने त्यांची जन्मतारीख विचारली. काकांनी चष्मा पुसला, पत्रक समोर धरले, एकेका लक्षणावर टिचकी मारली आणि वहीत नोंद केली: कंपनी संशयास्पद. त्रुटी पाच. पत्रक कोणी काढले आहे तेही तपासावे.

खाते त्याच संध्याकाळी खरेच बंद पडले. काकूंच्या मालिकेतली सासू जिन्यावरून घसरता घसरता तशीच राहिली. काका मात्र खुशीत होते, कारण आपण फसलो नाही हे आता टीव्हीच्या काळ्या पडद्यावर दिसतच होते. इमारतीतल्या सात घरांनी तक्त्याच्या प्रती मागून नेल्या. एकाने तर आपल्या सासूच्या फोनशेजारी चिकटवली.

पुढच्या सोमवारी काकू एका अनोळखी नंबरवर अर्धा तास बोलत बसलेल्या आढळल्या. ती खालच्या मजल्यावरची शेजारीण निघाली, नवीन नंबर घेतलेली, पण ते नंतर कळले. तोवर नियम झाला होता. यापुढे घरातले सर्व फोन एकाच टेबलावर घेतले जातील, आणि काकूंचा फोन विभागात जमा करण्यात येईल.

“अहो, लेकीचे दिवस भरलेत,” काकू म्हणाल्या. “कुठल्याही घटकेला फोन येईल तिकडून.”

“येईल तो रीतसर येईल.”

“बाळंतपण रीतसर येतं का कधी?”

काकांनी काकूंच्या फोनला चिठ्ठी लावून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांनी हट्टच धरायला हवा होता, फोन हिसकावून घ्यायला हवा होता. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्या एवढेच शिकल्या होत्या की या माणसाशी वाद घातला तर त्याचीही नोंद होते.

फोन बुधवारी आला. सकाळचे अकरा वाजले होते. बाळासाठी जुन्या मऊ चादरींची दुपटी शिवून घ्यायला काकू खाली शिंप्याकडे गेल्या होत्या. ड्रॉवरमधला फोन वाजला. नंबर अनोळखी.

“आई? आई, मी बोलतोय—”

“आपण कोण?”

“बाबा, तुम्ही? मी, तुमचा जावई! माझा फोन बंद पडलाय, दवाखान्याच्या फोनवरून बोलतोय. तिला आत घेतलंय. बाबा, लहानपणी तिला कुठलंतरी इंजेक्शन बाधलं होतं ना? अंग सुजलं होतं? डॉक्टर खोळंबलेत. तिला नाव आठवत नाहीये, आईंना माहीत आहे म्हणते. आईंना द्या, नाहीतर तुम्ही सांगा. पटकन!”

काकांनी आवाज ओळखला. हे स्पष्टच सांगितले पाहिजे. ते खुर्चीतून अर्धे उठले, खिडकीतून शिंप्याच्या दुकानाकडे हाक मारायला त्यांचे तोंडही उघडले. आणि तेवढ्यात त्यांची नजर तक्त्यावर गेली. घाई: आहे. भीती घालणे: आहे. अनोळखी नंबर: आहे. खासगी माहिती: आहे. ओळखीच्या माणसाचा आवाज: आहे, आणि इतका हुबेहूब की त्यामुळेच संशय बळावत होता. ते पुन्हा खाली बसले.

“तुमचा फोन नामंजूर करण्यात येत आहे,” ते म्हणाले. शब्द ठरल्याप्रमाणे आले. “कारणं लिहून घ्या. एक—”

“बाबा, अहो, तुमची मुलगी आहे ती!”

“तसा पुरावा जोडलेला नाही. दोन—”

फोन कट झाला. ‘अर्जदाराने कारणे ऐकून घेतली नाहीत,’ असे काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. लिहिताना अक्षर बिघडले, म्हणून ती ओळ खोडून पुन्हा लिहिली.

शाई वाळते न वाळते तोच त्यांचा स्वतःचा फोन वाजला. विक्रेता होता. हा त्याचा नववा फोन.

“नमस्कार सर. काहीच घाई नाही. तुम्हाला सवड असेल तरच बोलतो.”

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. किती दिवसांनी कोणीतरी माणसासारखे बोलत होते! विक्रेत्याने आपले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, मागच्या आठही फोनचे आवक क्रमांक तारखांसह ओळीने सांगितले. सवलत केव्हा संपते याची आपल्याला कल्पना नाही, म्हणाला. तुमचे खाते बंद आहे, ते राहिले बंद तरी हरकत नाही, म्हणाला. काकांची कोणतीही माहिती त्याने विचारली नाही. काकांचे बोट रकान्यांवरून सरकत गेले. एकही त्रुटी नव्हती. इतके पूर्ण प्रकरण त्यांनी अडतीस वर्षांत दोनदाच पाहिले होते.

ड्रॉवरमधला फोन पुन्हा वाजू लागला. काकांनी ड्रॉवर लोटून दिला. एक प्रकरण समोर असताना दुसरे हाती घेता येत नाही. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

“सर, शेवटची एकच विनंती,” विक्रेता म्हणाला. “माझ्या अर्जाची पोच मिळेल ना?”

काकांचे डोळे पाणावले. हजारो लोकांनी त्यांच्या टेबलावर कागद आपटले होते, ‘पोच द्या’ म्हणून अंगावर आले होते. विनंती कोणीच केली नव्हती.

“मिळेल की! तो तुमचा हक्कच आहे.”

“तुमच्या फोनवर आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल बघा. तोच पोच क्रमांक. तेवढा वाचून दाखवलात की झालं.”

आला होता. सोबत ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नये’ असा काही मजकूरही होता, पण मजकूर काकांनी आयुष्यात कधी वाचला नव्हता. त्यांनी क्रमांक वाचून दाखवला. सावकाश, एकेक आकडा सुटा करून, दोनदा.

काकू जिना चढून आल्या तेव्हा ड्रॉवर पुन्हा वाजत होता. त्यांनी काकांकडे पाहिले, ड्रॉवरकडे पाहिले, दुपटी टाकून ड्रॉवर ओढला आणि फोन कानाला लावला. दोन वाक्ये ऐकली आणि ओरडल्या, “पेनिसिलिन! पेनिसिलिन द्यायचं नाही म्हणावं तिला!” मग त्या जमिनीवरच बसल्या. पाच मिनिटांनी उठल्या, दुपटी पिशवीत भरली, फोन कमरेला खोचला आणि मिळेल त्या बसने लेकीकडे निघून गेल्या. फोन ताब्यात मिळाल्याची सही त्यांनी केली नाही.

दुपारपर्यंत काकांचे बँकेतले खाते टीव्हीच्या पडद्याइतकेच कोरे झाले होते. बँकेतल्या बाईंनी आधी त्यांचा फोन नंबर बंद करायला लावला आणि मग विचारले, “काका, नंबर तुम्ही आपल्या तोंडानं सांगितलात?”

“पोच दिली,” काका म्हणाले. “प्रकरण पूर्ण होतं.”

दोन दिवस काकांना कोणाचाच फोन आला नाही, कारण फोन बंद होता. पोरगी कशी आहे, काय झाले, काहीच कळेना. वही उघडी होती, पेन भरलेले होते, आणि घरात आवक शून्य. तिसऱ्या दिवशी ते खाली शिंप्याकडे गेले, त्याचा फोन मागून घेतला आणि लेकीचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता. पाठ असलेला तेवढा एकच नंबर.

“हॅलो?” लेकीचा आवाज दमलेला होता. मागे कोणीतरी बारीक आवाजात रडत होते.

“अगं, मी बोलतोय! कशी आहेस? मुलगा की मुलगी? पटकन सांग गं, शिंप्याचा फोन आहे.”

पलीकडे बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

“आपण कोण?”

“अगं, असं काय करतेस? मी. बाबा.”

“कारणं लिहून घ्या,” लेक म्हणाली. “एक, घाई करताय. दोन, नंबर अनोळखी आहे. तीन, खासगी माहिती विचारताय. चार, ओळखीच्या माणसाचा आवाज काढताय.”

कागद नव्हता. काकांनी शिंप्याचा खडू उचलला आणि चारही कारणे कापायच्या टेबलावर क्रमाने लिहून घेतली. मग खडू तसाच धरून ते थांबले. कारणांनंतर एक वाक्य येते. अडतीस वर्षांत त्यांनी ते एकदाही गाळले नव्हते, चोरालासुद्धा सांगितले होते. त्या वाक्याची त्यांनी वाट पाहिली. ते आले नाही. रडणारे बाळ मुलगा आहे की मुलगी हे आवाजावरून ओळखायचा ते प्रयत्न करत होते, तेवढ्यात फोन ठेवला गेला.

हे वाचत असताना मघाशी तुमचाही फोन वाजला. नंबर अनोळखी होता, म्हणून तुम्ही तो पालथा ठेवलात आणि पुढे वाचू लागलात. योग्य तेच केलेत. पुन्हा वाजला तर मात्र खुशाल समजा की तो विक्रेताच आहे. नऊ-नऊ वेळा फोन करण्याइतका धीर त्याच्याशिवाय तुमच्यासाठी कोण धरणार?