काजळ्याचा पोळा

दौलतभाऊ इंजिनापुढे कडबा टाकत नसत, एवढेच. बाकी बैलाचे सारे सोपस्कार ते त्याला करीत.

शेगावच्या कापसाच्या प्रेसपासून स्टेशनापर्यंत एक आखूड लोहमार्ग होता. गाठींनी भरलेले डबे त्यावरून ओढून नेणारे ते बुटके, काळेभोर, वाफेचे इंजिन. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. हे इंजिनही कुठल्याशा दूरच्या कारखान्यातून उतारवयात येऊन वऱ्हाडाला जोडले गेले होते. दौलतभाऊंचा भाजीचा मळा रुळांना अगदी लागून. त्यांच्या वांग्यांना धुराची चव लागते, असे बाजारात बायका नाक मुरडून म्हणत. भाऊ ती स्तुती समजून एक वांगे वर घालीत. प्रेसशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरीही इंजिनाचे नाव त्यांनीच ठेवले होते : काजळ्या.

"चाचा, काजळ्याले पानी दाखवलं काय?" ड्रायव्हर इस्माईलचाचा सकाळी भट्टी पेटवू लागले की कुंपणापलीकडून हा प्रश्न ठरलेला. कोळसा म्हणजे वैरण. वाफ जोरात सुटली की, "मस्तीवर आला बे आज!" चाके करकरली की, "खूर दुखते वाटते त्याचा." उन्हाळ्यात बॉयलरवर ओली गोणपाटे घालण्याचा त्यांचा आग्रह चाचांनी मोठ्या मुश्किलीने परतवला होता. "अरे भाऊ, उसका पेट गरमच रहने कू होना!"

मी तेव्हा कन्याशाळेत शिकवीत असे आणि मळ्यामागच्या खोलीत राहत असे. पहाटे ओल्या कोथिंबिरीचा वास आणि कोळशाचा धूर एकाच झुळकेतून माझ्या खिडकीत येत, आणि त्यांच्या पाठोपाठ भाऊंचा आवाज. या तिहींखेरीज माझी सकाळ उजाडतच नसे.

मग प्रेसच्या शेटजींनी लॉरी घेतली आणि काजळ्याची भट्टी थंडावली. पोळा झाला की दुसऱ्याच दिवशी अकोल्याचा भंगारवाला येऊन इंजिन तोडून नेणार, अशी बातमी आली. भाऊंनी वांगी तोडणेच सोडले. ती झाडावर पिवळी पडू लागली. चाचांनी शेटजींना गळ घातली आणि पोळ्याच्या दिवशी एकदाच, शेवटची, भट्टी पेटवण्याची परवानगी आणली. ती ऐकताच भाऊ ताठ उभे राहिले. "मंग काजळ्या पोळ्यात जाईन."

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाचे जेवणाचे आमंत्रण देतात. त्या सांजेला भाऊ वाटी घेऊन इंजिनावर चढले. ज्या दांड्याला डबे जोडत, तोच त्याचा खांदा असे ठरवून त्यांनी तो अंगठ्याने हळुवार मळला. लोखंडावरून हळदीचा पिवळा ओघळ उतरला. थंड लोखंड, कढवलेले तूप आणि काजळी यांचा तो गंध मला आजही ओळखू येईल. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," भाऊ त्याच्या कानात, म्हणजे एका नटबोल्टाशी, कुजबुजले.

दुसऱ्या दिवशी रुळांच्या फाटकाजवळच्या मैदानात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. झुली, बेगड लावलेली शिंगे, घुंगरांचा नाद. रांगेच्या टोकाशी, आपल्या रुळांवर, झेंडूच्या माळा आणि बाशिंग ल्यालेला काजळ्या धापा टाकीत उभा. तोरणाखालून पहिला जाण्याचा मान पाटलांच्या बैलाचा. तो गेला की पोळा फुटला. पाटील मिशीला पीळ देत सावकाश पुढे निघाले होते, आणि नेमके तेव्हाच भाऊंच्या ध्यानात आले की काजळ्याच्या गळ्यात घुंगरमाळ घालायची राहिली.

गळा म्हणून त्यांनी जी जागा हेरली, ती शिट्टीची तार होती.

पितळी घुंगरांची ती जड माळ तारेवर पडली आणि काजळ्याने जी किंकाळी फोडली ती थांबेचना. क्षणभर सारे मैदान गोठले. मग एकजात सगळे बैल तोरण शिंगांवर घेऊन उधळले. पाटलांचा मानाचा बैल स्टेशनाच्या दिशेने दिसेनासा झाला.

चाचांनी माळ ओढून काढली. शांततेत पाटील गरजले, "कोनं फोडला पोळा?"

भाऊ चाकाआड सरकले. पण गर्दीतून गावच्या लोहाराने हात वर केला. "पाटील, सारं गाव पाह्यत होतं. पोळा काजळ्यानं फोडला. आता पयली पूजा त्याची!"

"अबे, ते बैल हाये काय?"

"खांदा मळला, आवतन देल्लं. आनखीन काय पाह्यजे?"

पाटलांनी तोरणाकडे पाहिले, रिकाम्या दाव्याकडे पाहिले, आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. संतापाने, असे आम्हाला वाटले. पण ते हसत होते. "न्या बे त्याले पूजेले!" लोहाराने तिथल्या तिथे झडती, म्हणजे पोळ्याचे गाणे, रचली :

खाये कोळसा, सोडे धूर,
काजळ्या आमचा लय मगरूर,
हर बोला हर हर महादेव!

प्रेसच्या बाजूला रूळ शेटजींच्या कोठीमागे संपत. सारे गाव रुळांच्या दुतर्फा चालत तिथवर आले. शेटाणीबाई तबक घेऊन मागच्या दारी उभ्या होत्या. त्यांनी चाकांवर पाणी घातले. तापल्या लोखंडावर ते चुर्र करून मोत्यांसारखे उडाले. कुंकू लावले, पुरणपोळीचा घास ठेवला.

शेटजी घसा खाकरून म्हणाले, "उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं त्याले न्याले."

शेटाणीबाईंनी मान वळवली नाही. "पोळ्यात पुजलेला बैल कोनी तोडाले देते काय? सांगा या समद्यायले."

शेटजींनी त्या समद्यांकडे पाहिले. पागोटी, पदर, वाट पाहणारे चेहरे. "राहू द्या," ते म्हणाले. "गोठा बांधा त्याले."

गावाने जयघोष केला आणि त्यात चाचांनी पुन्हा शिट्टी वाजवली, या वेळी हेतुपुरस्सर. पुढे लोहाराने पत्र्याचा गोठा उभारला. भाऊ, चाचा आणि तो मिळून चिंच लावून काजळ्याचे पितळ लखलखीत ठेवीत, आणि दर पोळ्याला भट्टी पेटे. पाटील आपल्या बैलाच्या कानांत कापूस घालून आणू लागले.

मला मात्र आठवते ती त्याच दिवसाची सांज. वाटीत तूप घेऊन मी भाऊंकडे गेले, तर घराला कडी. ते काजळ्याच्या पायरीवर बसले होते. समोर पळसाच्या दोन पत्रावळी, एक त्याची, एक स्वतःची. भट्टी विझत आली होती. आत कुठेतरी पाणी मंद गुणगुणत होते.

"आज सणाचं तरी घरी बसून जेवा की, भाऊ."

"कोनासंगं जेवू, बाई?" ते पत्रावळीकडे पाहत म्हणाले. "बायको गेली तवापासून घरी घास घशातच फिरते. सकाळी चाचा भट्टी पेटवे, मी कुंपनापाशी भाकर सोडो. याची सूं-सूं आयकू ये. वाटे, कोनीतरी बसलं हाये बाजूले."

मी तूप त्यांच्या पोळीवर ओतले. मग हात जोडले आणि, त्यांच्याच शब्दांत, म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. "मले बैल समजता काय वं बाई?" असे म्हणून ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग त्यांनी कोमट बॉयलरवर थाप मारली.

"काजळ्या, उद्या तू एकटाच जेव बे. मले आवतन हाये."