शिवणराज्यात दिवा निवडिला त्याचे वर्तमान

श्री. हरवली सुई सापडो, तुटला दोरा सांधो, आणि लिहिणाराचे बोट टोचण्यावाचून राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद मासी शिवणराज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घातले असेल तर ते झालरीपुरते, मूळ कापड खरे.

ते राज्य कोठले, हे पुसू नये. गादीवर राजश्री मालिनीबाई हुपरीकर, शिवणवर्गाच्या धनीण. प्रजा सगळी बायकांची, फौज सुयांची आणि तोफखाना हातमशिनांचा. राजधानी फिरती. सोमवारी वाचनालयाच्या माडीवर, गुरुवारी रामाच्या देवळातील ओवरीत, जेथे विजेचे बटण म्हणून नाही. माडीवर बटणे होती, परंतु ऐन दुपारी वीज रुसून जाई, आणि खिडकी होती तिजसमोर नवी इमारत उभी राहून सूर्यनारायणाचा रस्ता अडविती जाहली. राज्याची चाल ऐसी की, टीप पुरी होताच शिष्येने कापड हुजुरात रुजू करावे, आणि बाईसाहेबांनी ते खिडकीकडे धरून न्याहाळावे, आणि मग दोहोंतून एक शब्द बोलावा. "ठेवा" म्हणाल्या तर घडी घालून घरी न्यावे. "उसवा" म्हणाल्या तर मान खाली घालून सगळी टीप उसवावी आणि पुन्हा आरंभ करावा. सासूस न भिणाऱ्या सुना या दुसऱ्या शब्दापुढे चळचळा कापत. परंतु गेले वर्षभर आक्रीत जाहले. बाईसाहेबांच्या मुखातून "उसवा" येईनासे जाहले. प्रजा म्हणे, आपला हात बसला. आणि हात बसला म्हणून प्रजा बेफिकीर जाहली, आणि त्या बेफिकिरीत काय काय निपजले ते सांगता हसू आवरत नाही. दळवीकाकूंनी परकर शिवला, त्याच्या नेफ्यास नाडी ओवावयास तोंडच ठेविले नाही. एका सदऱ्याचा खिसा आतल्या अंगास लागला. एका झबल्यात मूल घातले ते निघेना, शेवटी झबले कापून मूल सोडविले. या सर्वांस "ठेवा" मिळाले होते. खरी गोष्ट ही की, बाईसाहेबांची नजर मंदावली होती, आणि हे सर्वांस ठाऊक होते, आणि सर्व गप्प होत्या. बाईसाहेब स्वतः म्हणत, "उजेडच मेला धड नाही या माडीवर!"

त्या राज्यात रोहिणी तांबट नामे एक तरुण सून नवी दाखल जाहली होती. तिने नणंद शर्वरी हिच्या साखरपुड्याचे पोलके शिवले, आणि बाईसाहेबांनी ते "ठेवा" म्हणून गौरविले. मग साखरपुड्याच्या दिवशी भर मंडळींत शर्वरीने अंगठीसाठी हात पुढे केला आणि बाही मुंढ्यापासून सुटली. शर्वरीने मुकाट्याने पदर खांद्यावरून ओढून घेतला, आणि सारा समारंभ तैसाच निभावला, आणि घरी कोणापाशी अक्षर काढिले नाही. आणि कहर हा की, मार्गशीर्षातल्या लग्नाचे पोलके, तेही तिने रोहिणीच्याच हाती दिले आणि म्हणाली, "वहिनी, तूच शिव. दुसऱ्या कुणाकडे नाही टाकणार मी." हे ऐकून रोहिणीने मनात हिशेब मांडिला. साखरपुड्यात एक हात पुढे गेला होता. लग्नात माळ घालावयास दोन्ही हात वर जाणार, आणि तेव्हा पदर ओढील कोण? तिला आता "ठेवा" नको होते. तिला कोणी तरी खरे सांगणारे पाहिजे होते, आणि खरे सांगू शकेल ऐसे माणूस राज्यात एकच, ज्यास दिसत नव्हते. बाईसाहेबांवर तिचा जीवही फार, सबब तोंडावर बोलवेना.

इतक्यात हुजुरातून फर्मान सुटले की, उचलून नेता येईल आणि घरून चार्ज करून आणिता येईल ऐसा एक दिवा वर्गास घ्यावा, आणि निवड भर दरबारी व्हावी. हे ऐकताच प्रजेत खळबळ उडाली. चहाच्या वेळी दळवीकाकूंनी चौघींस जिन्यात नेऊन खलबत केले. काकू म्हणाल्या, "अगं, बाईंना दिसत नाही तोवर आपण सगळ्या हुशार! चांगला दिवा आला तर वर्षभराचं सगळं उसवायला लावतील. दिवा घ्यायचा, पण बिनकामाचा." ही मसलत सर्वांस पटली. रोहिणी खालच्या पायरीवर कप विसळीत होती, तिने सगळे ऐकिले.

पुढल्या सोमवारी विजेच्या दुकानाचे गुगळेशेठ तीन दिवे घेऊन दरबारी हजर जाहले. वीज गेलेलीच होती, म्हणून मुहूर्त उत्तम. पहिला दिवा कमळाच्या आकाराचा, टिचकी मारिता रंग बदलणारा. तो गुलाबी जाहला आणि प्रजा धन्य धन्य म्हणू लागली. काकू म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड! बाई, हाच घ्या. मन कसं प्रसन्न होतं." शेठ प्रामाणिक गृहस्थ, ते म्हणाले, "काकू, हा वाढदिवसाला बरा. यात लाल दोरा नि केशरी दोरा सारखाच दिसेल." काकू म्हणाल्या, "दिसू दे की!" दुसरा दिवा डब्याएवढा थोर. तो पेटविताच सर्वांचे डोळे दिपले, आणि सुई तेवढी चमके आणि कापड दिसेना. प्रजेस तोही बहुत पसंत पडला. काकू डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "दणकट आहे हो! पिढ्यान्‌पिढ्या टिकेल." तिसरा दिवा राखी रंगाचा, किरकोळ, मान लवचिक आणि बुडास चिमटा, टेबलाच्या कडेस लावावयाचा. शेठ म्हणाले, "एकदा चार्ज केला की वर्ग सुटेस्तोवर चालतो. उजेड पांढरा करा, नाहीतर पिवळसर करा, मान हवी तशी वळवा." प्रजेने नाके मुरडली. कोणी म्हणे याची मान मोडेल, कोणी म्हणे चिमट्याने टेबलाचा सनमायका जाईल, आणि काकू म्हणाल्या, "शोभा नाही मेल्याला. वर्गाची काही अब्रू आहे की नाही?"

तेव्हा रोहिणी उठून उभी राहिली. म्हणाली, "बाई, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप बघू या ना तिन्हीत. ज्यात दिसेल तो घ्यायचा." काळ्यावर काळे म्हणजे शिवणराज्यात अखेरची परीक्षा, तीस नाही म्हणण्याची सोय काकूंसही नव्हती. मग आपल्याच हातची एक काळी पट्टी रोहिणीने पुढे ठेविली. कमळात ती जांभळी दिसली आणि टीप कोठे दिसेना. थोर दिव्यात नुसता लखलखाट. मग राखी दिवा शेठनी टेबलाच्या उजव्या कडेस लाविला, आणि बाईसाहेबांनी सुई धरिली, तो त्यांच्याच हाताची सावली नेमकी टाक्यावर पडली. काकू टाळी वाजवून म्हणाल्या, "बघा! हाही तसलाच!" प्रजेच्या जिवात जीव आला. आणि येथेच घात जाहला. कारण बाईसाहेबांची नजर गेली असेल, परंतु सवय कोठे जाते? शेठवर एकदम खेकसल्या, "उजवीकडे काय लावताय? शिवणाऱ्या हाताची सावली पडते. डावीकडे लावा, आणि मान खाली घ्या!"

शेठनी दिवा डावीकडे लाविला, मान खाली घेतली, आणि काळ्या कापडावरची काळी टीप दिसली. ती सरळ निघून, मध्येच नागमोडी होऊन, कडेबाहेर गेली होती. बाईसाहेबांनी पट्टी जवळ धरिली, दूर धरिली. मग भिंतीवर वर्षभर नमुना म्हणून टांगलेला, स्वहस्ते शिवलेला रुमाल त्यांनी उतरविला आणि दिव्याखाली ठेविला. तोही नागमोडी. लिहिणारास सांगावयास लाज नाही की, त्या क्षणी बाईसाहेबांचे तोंड पाहून फार वाईट वाटले. काकूंचे डोळे भरले, आणि त्या पुढे होऊन म्हणाल्या, "असू द्या हो बाई, ठेवा." बाईसाहेब म्हणाल्या, "नाही काकू. उसवा." आणि बटणांच्या डब्याच्या तळाशी दडविलेला, डॉक्टरांनी कधीचा करून दिलेला चष्मा त्यांनी बाहेर काढिला, पदराने पुसला, नाकावर चढविला, आणि भर दरबारी आपलाच रुमाल आपल्या हाताने टाका टाका उसवून काढिला.

मग त्यांनी मान वर केली. सर्वांच्या पिशव्या आपोआप पाठीमागे गेल्या. परंतु रोहिणी आपण होऊन पुढे जाहली आणि लग्नाचे पोलके रुजू केले. बाईसाहेबांनी बाही उलटी करून दिव्याखाली धरिली आणि म्हणाल्या, "मुंढ्यात दबावाला कापड कमी सोडलायस. टीप अगदी काठावरून गेलीय. हात वर केला की सुटणार. उसवा." हे ऐकून रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ती हसू लागली. या राज्यात तो शब्द ऐकून हसणारी ही पहिलीच. बाईसाहेब म्हणाल्या, "अगं, रडतेस काय नि हसतेस काय? बस इथे, डावीकडे उजेड घे." आणि मग काकूंकडे वळून पुसत्या जाहल्या, "काकू, परकर आणलाय ना? नाडी कुठून ओवता ते दाखवा बघू."

येणेप्रमाणे राखी दिवा राज्यात दाखल जाहला, आणि आश्विन मास उसवण्यात आणि कार्तिक मास शिवण्यात गेला, आणि प्रजेने शिव्या दिव्यास दिल्या. कमळ काकूंनी आपल्या घरी नेले. मार्गशीर्षात लग्न लागले. अंतरपाट दूर जाहला, शर्वरीने माळ घेऊन दोन्ही हात वर केले, आणि रोहिणीने डोळे मिटून घेतले. मग उघडून पाहते तो माळ नवरदेवाच्या गळ्यात, बाही जागच्या जागी, आणि नणंद नवऱ्याकडे न पाहता वहिनीकडे पाहत होती. इति वर्तमान. वाचणाराने दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे, आणि चष्मा असेल तर तो डब्यात ठेवू नये.