शुक्रवारचे चीज

शुक्रवारची न्याहारी आणायची पाळी फोल्मर बिस्गोरची होती आणि तो साफ विसरला होता. डेन्मार्कमधल्या त्या अन्नसंशोधन संस्थेत प्रयोग फसला तर चालायचे; न्याहारी चुकली तर लोक निवृत्तीच्या भाषणातही ते काढत. फोल्मरचे निवृत्तीचे भाषण दोन महिन्यांवर आले होते.

माफी घोकत तो स्वयंपाकघरात शिरला, तर सगळे मजेत खात होते.

"फोल्मर, या वेळी चीजवर बरा हात सैल सोडलास!" त्याची सहकारी बोदिल म्हणाली. "एरवी रबर आणतोस."

फोल्मर लाजून हसला आणि पावावर चीज ठेवून खाऊ लागला. तिसरा काप गिळल्यावर त्याला कोपऱ्यातले रिकामे खोके दिसले. ते चार देशांच्या संयुक्त संशोधनाच्या नावाने आले होते. प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला म्हणून काल त्यानेच ते एका रात्रीपुरते इथल्या फ्रिजमध्ये ठेवले होते. त्यातल्या चीजच्या नमुन्यातले जंतू मोजून आकडा बुधवारपर्यंत जर्मनीला, प्राध्यापक ओटफ्रीडना कळवायचा होता.

फ्रिजच्या दारावर 'प्रामाणिक संशोधनाचे दहा नियम' लावले होते. खाली सही फोल्मरचीच.

त्याने खोके पायाने कोपऱ्यात आणखी आत सरकवले. सोमवारी सगळे ठणठणीत कामावर आले, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आता फक्त आकडा हवा होता. त्याने हॉलंडच्या हेन्ड्रिकाला फोन लावला.

"तुमच्याकडे किती जंतू निघाले गं?"

"आधी तू सांग."

"साधारण... चाळीस?"

"अगंबाई! आमचेही चाळीसच!" तिने इतका मोठा सुस्कारा टाकला, की फोल्मरला शंका आली. "थांब, स्वीडनवाल्यांनाही सांगते. म्हणजे, विचारते."

स्वीडनचे बेचाळीस निघाले. त्यांना थोडे वेगळे दिसायची हौस होती.

बुधवारी आकडा पाठवला, पण रात्रभर फोल्मरचा डोळा लागला नाही. गुरुवारी सकाळी त्याने धीर करून ओटफ्रीडना फोन केला.

"सर, एक कबुली द्यायचीय. तो नमुना आम्ही खाल्ला."

"नमुना? अहो, नमुने अजून माझ्याकडेच आहेत. ते चीज नाताळची भेट होती. खोक्याच्या तळाला चिठ्ठी होती की!"

फोल्मरच्या तोंडचे पाणी पळाले. "म्हणजे तिघांचे आकडे..."

"अप्रतिम जुळलेत! वीस वर्षांत असं पाहिलं नाही. लेख कालच धाडला."

"मग आता खरे नमुने पाठवा ना, सर. आम्ही नीट मोजतो."

"छे हो! इतकं छान जुळलेलं मोजून कशाला बिघडवायचं? आणि हो, प्रामाणिकपणाचा परिच्छेद तुम्हीच लिहा. तुमचा हातखंडा आहे."

फोल्मरने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन खोक्याच्या तळाची चिठ्ठी काढली. मागची बाजू कोरी होती. तिथेच त्याने परिच्छेदाला सुरुवात केली.